पुण्यातल्या ज्येष्ठ नागरिक संघांना खुलं पत्र: दम लागतो म्हणजे वय झालं असं नाही

प्रति,
पुण्यातल्या सगळ्या ज्येष्ठ नागरिक संघांचे अध्यक्ष, सचिव आणि सभासद काका-काकू, आजी-आजोबा,

सप्रेम नमस्कार.

मी कर्वेनगर भागात मेडिकल चालवते. बी फार्म झालं, लग्नानंतर सासऱ्यांचं दुकान हातात घेतलं, आणि तेव्हापासून बरीच वर्षं काउंटरच्या मागे उभी आहे. तुमच्यातले कितीतरी जण माझ्याकडे दर महिन्याला गोळ्या न्यायला येतात, घटकाभर खुर्चीत बसून बोलतात, आणि तुमच्या संघांच्या शिबिरांचे बोर्ड माझ्याच दुकानाच्या दारात लागतात. बीपी, शुगर, हाडांचा ठिसूळपणा, मोतीबिंदू, कानाची तपासणी, गुडघे, सगळं असतं त्यावर. पण श्वासाची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, त्या बोर्डांवर मला कधी दिसली नाही. माझी विनंती एवढीच आहे की यापुढे प्रत्येक संघाने वर्षातून एकदा तरी सभासदांचा श्वास तपासून घ्यावा, आणि ज्यांच्याकडे दम्याचा पंप, म्हणजे इनहेलर, आहे त्यांचा पंप बरोबर ओढला जातोय का तेही बघावं. का म्हणतेय ते जरा सविस्तर सांगते, पत्र लांबणार आहे, पण संघाच्या बैठकीत वाचून दाखवाल अशी आशा आहे.

काउंटरवर रोज ऐकू येतं, "अगं काही नाही, वय झालं आता, जरा दम लागतो, तू आपलं ते खोकल्याचं औषध दे." आता यात होतं काय की दम लागायला लागला म्हणून माणूस लगेच डॉक्टरकडे जात नाही, तो आधी स्वतःचा दिवस आखडून घेतो. दर रविवारी पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढणारे काका आधी निम्म्यात थांबायला लागतात, मग पायथ्याशीच बसतात, मग गुडघ्याचं कारण सांगून जाणंच सोडून देतात. काकू मंडईतून दोन पिशव्या उचलून आणायच्या, मग रिक्षाने यायला लागल्या, मग भाजीवाला दारात. तिसऱ्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडे जाणं बंद, नातवाच्या गॅदरिंगला जाणं बंद, तुमच्या संघाच्या सहलीला "तुम्ही जाऊन या, मी घरी बरी." आणि मग कोणी विचारलं की दम लागतो का, तर उत्तर येतं "नाही हो, तसा काही त्रास नाही". ते खोटं नसतं, कारण दम लागेल असं काही करणंच सोडलेलं असतं. मला या सगळ्यात याचंच सगळ्यात वाईट वाटतं. आजार वाढत असतो आणि घरात सगळ्यांना वाटत असतं की आजोबा आता शांत झालेत.

धाप मोजायची डॉक्टरांची एक साधी पट्टी आहे, शून्य ते चार. भरपूर मेहनत केल्यावरच दम लागत असेल तर शून्य. घाईत चालताना किंवा थोडा चढ चढताना लागला तर एक, म्हणजे तळजाईच्या रस्त्याला किंवा हनुमान टेकडीला. सपाट रस्त्यावर आपल्याच वयाच्या लोकांच्या मागे पडायला होत असेल किंवा आपल्या चालीने चालतानाही मध्ये थांबावं लागत असेल तर दोन. शंभरेक मीटरवर थांबावं लागलं तर तीन, आणि कपडे बदलतानाही धाप लागत असेल, घराबाहेरच पडता येत नसेल तर चार. यातली दोन नंबरची पायरी बघा, "आपल्याच वयाच्या लोकांच्या मागे" असं आहे ते, म्हणजे वय त्यात आधीच धरलेलं आहे. तुम्ही पंचाहत्तरचे आणि बरोबरचे मित्रही पंचाहत्तरचे, ते बोलत बोलत चालतायत आणि तुम्हाला बोलायचं असेल तर थांबावं लागतंय, तर याला वय हे कारण नाही हो. संघाच्या सकाळच्या ग्रुपमध्ये हे सगळ्यात लवकर कोणाच्या लक्षात येईल तर तुमच्याच, मुला-सुनांच्या नाही, कारण ते तुमच्याबरोबर चालत नाहीत.

फुप्फुसांचं वय होतं हे खरं आहे, नाही कोण म्हणतंय. तिशीनंतर दरवर्षी पहिल्या सेकंदात जोरात फुंकता येणारी हवा साधारण २५ ते ३० मिलीलीटरने कमी होत जाते, बरगड्या ताठरतात, खोकल्याचा जोर कमी होतो. पण निसर्गाने फुप्फुसाला शिल्लक भरपूर दिलीय, त्यामुळे निरोगी माणसाला ऐंशीव्या वर्षीही सपाट रस्त्यावर चालायला ती पुरते. सिगारेट-बिडी ओढणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची ही घट खूप वेगाने होते, आणि मग साठी-पासष्टीला जे दिसायला लागतं त्याला सीओपीडी म्हणतात, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होणं आणि आतले हवेचे फुगे झिजून जाणं. झिजलेलं परत येत नाही. पण लवकर कळलं तर पुढची झीज कमी करता येते, बिडी सोडली की लगेच फरक पडायला लागतो, आणि औषधाने दम आणि दवाखान्याच्या फेऱ्या दोन्ही कमी होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०२१ मध्ये जगात ३५ लाख माणसं सीओपीडीने गेली. भारतात १९९० साली याचे साधारण २ कोटी ८१ लाख रुग्ण होते, ते २०१६ पर्यंत ५ कोटी ५३ लाख झाले. एवढा मोठा आजार, आणि आपल्या शिबिरांच्या बोर्डावर त्याचं नावसुद्धा नाही.

आता बऱ्याच काकू म्हणतील की आम्ही आयुष्यात बिडी-सिगारेटला हात लावला नाही, आमचा काय संबंध. संबंध आहे, आणि बायकांसाठी तर मी जास्त कळकळीने लिहितेय. २००९ साली आपल्या पुण्याचेच डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी लॅन्सेटमध्ये लिहिलं होतं की सीओपीडीच्या रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्के लोकांनी कधीच धूम्रपान केलेलं नसतं असा अंदाज आहे. मग त्यांना होतो कशाने, तर चुलीच्या धुराने, धुळीच्या आणि धुराच्या कामाने, जुन्या टीबीने, लहानपणच्या छातीच्या आजारांनी, वारंवारच्या दम्याने. आता आपल्या पिढ्या आठवून बघा. गावाकडे चूल, शेणी, काटक्या, फुंकणीने फुंकून फुंकून डोळे लाल. पुण्यात आल्यावर वाड्यात बंब, त्यात लाकडाच्या ढलप्यांपासून खोक्यांपर्यंत काय काय घातलं जायचं, आणि बंब पेटवायचं काम बहुतेक घरातल्या सुनेकडे. तव्यावर तंबाखू भाजून मिश्री करायची, त्याचा ठसका अख्ख्या घराला. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली, तिथल्या आज सत्तरीत असलेल्या आज्यांनी तर अर्धं आयुष्य चुलीपुढे काढलंय, आता घरात गॅस आहे म्हणून पूर्वीचा धूर छातीतून गेला असं होत नाही. पुरुषांमध्ये भोसरी-पिंपरीच्या फाउंड्रीत काम केलेले, पिठाच्या गिरणीवाले, बेकरीतले, दगडखाणीतले, आयुष्यभर रस्ते झाडलेले, चौकात उभे राहिलेले ट्रॅफिक हवालदार. तुमच्या सभासद नोंदणीच्या फॉर्मवर "पूर्वीचा व्यवसाय" असा रकाना असतो ना, तो या कामासाठी एकदा वाचून काढा, कोणाला आधी बोलवायचं ते त्यातूनच कळेल.

स्पायरोमेट्री म्हणजे काय तर एका नळीत पूर्ण जोराने फुंकायचं आणि छाती रिकामी होईपर्यंत फुंकत राहायचं, निदान सहा सेकंद. असं चांगलं फुंकणं तीन वेळा जमावं लागतं. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली आणि एकूण किती आली याचं गुणोत्तर काढतात, औषधाची वाफ घेतल्यानंतरही ते ०.७० च्या खाली राहिलं आणि बाकी लक्षणं जुळली तर सीओपीडी. सुई नाही, उपाशी राहायचं नाही. पण चार गोष्टी संघाने आयोजन करताना बघायलाच हव्यात. प्रत्येकाला नवीन माउथपीस हवा, एकच नळी पुसून पुसून सगळ्यांना द्यायची नाही. फुंकून घेणारा माणूस प्रशिक्षित हवा, कारण "जोरात, जोरात, अजून, अजून" असं ओरडून करून घ्यावं लागतं, कोपऱ्यात बसून निवांत होणारी ही टेस्ट नाही. ज्यांना अलीकडे हार्ट अटॅक आलाय, मोतीबिंदूचं किंवा छाती-पोटाचं ऑपरेशन झालंय, त्यांनी त्या दिवशी थांबायचं, नंतर आपल्या डॉक्टरांना विचारून करायची. आणि दोन आठवड्यांच्या वर खोकला, वजन उतरणं, संध्याकाळचा बारीक ताप, थुंकीतून रक्त असं कोणाचं असेल तर त्याला आधी थुंकी तपासायला पाठवायचं, टीबीची तपासणी सरकारी केंद्रात फुकट होते. म्हातारपणी टीबी होत नाही असा एक समज आहे, तो साफ चुकीचा आहे, डायबेटिस असेल तर अजूनच सांभाळायला हवं.

शिवाय दम हा फुप्फुसाचाच असतो असंही नाही. हृदय कमजोर असेल तरी लागतो, रक्त कमी असेल तरी लागतो. म्हणून शिबिरात छातीचे डॉक्टर असतील तर उत्तम, नसतील तर ज्यांचा रिपोर्ट बिघडलाय त्यांची यादी करून पुढे पाठवायची जबाबदारी एका सभासदाने घ्यायची. औंधचं उरो रुग्णालय आहे, ससून आहे, महापालिकेचं कमला नेहरू आहे. एकट्याने जायचं म्हटलं की माणूस टाळतो, चौघांना घेऊन एक जण गेला की जातो. हे तुम्हाला चांगलं जमतं, कोविडमध्ये लसीसाठी एकमेकांना हाताला धरून नेलं होतं तुम्ही, मी बघितलंय.

आता पंपाबद्दल. यावर मी कितीही लिहीन, कारण हे रोज माझ्या डोळ्यांसमोर घडतं.

पंप म्हटलं की चेहरा पडतो. "पंप म्हणजे शेवटची स्टेज", "एकदा लागला की सुटत नाही", "सुनेला सांगू नकोस, कागदात गुंडाळून दे." अहो, पंपातली सॅल्ब्युटॅमॉलची, म्हणजे श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाची, एक फवारणी १०० मायक्रोग्रॅमची असते. तेच औषध गोळीत घेतलं तर एक गोळी ४ मिलीग्रॅमची, म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम, आणि ती पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगात फिरून मग छातीत पोचणार, वाटेत हात थरथरणार, छातीत धडधडणार. पंपाचं औषध जिथे लागतं तिथेच जातं, म्हणून इतकं थोडं पुरतं. तरी लोक गोळीला सौम्य समजतात आणि पंपाला कडक. सवय वगैरे काही लागत नाही, आजार कायमचा आहे म्हणून औषध कायमचं आहे, बीपीच्या गोळीसारखं.

आणि ज्यांनी पंप स्वीकारलाय त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना तो ओढताच येत नाही, यात त्यांचा दोष नाही, त्यांना कोणी बसून शिकवलेलंच नसतं. डॉक्टरांकडे बाहेर वीस पेशंट, तिथे कंपाउंडर म्हणतो मेडिकलमध्ये दाखवतील, मेडिकलमध्ये गर्दी असली की तिथला पोरगा म्हणतो पेटीत कागद आहे. मी दुकानात "जरा माझ्यासमोर घेऊन दाखवा" म्हणते तेव्हा काय काय दिसतं. टोपणच काढलेलं नाही. फवारा तोंडात मारून श्वास नाकाने घेतला. फवारा आधी आणि श्वास नंतर, सगळं औषध टाळ्याला. रोटाहेलरची, म्हणजे पावडर ओढायच्या मशीनची, कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे आजोबा माझ्याकडे आलेत, आणि का गिळणार नाहीत, आयुष्यभर कॅप्सूल गिळायचीच असते हेच माहीत. पंप संपलाय का बघायला पाण्यात तरंगवून बघतात, त्यातून काही कळत नाही, डोस मोजणारा आकडा असलेला पंप मागा नाहीतर कॅलेंडरवर खुणा करा. कॅप्सूलची बाटली बाथरूमच्या कपाटात ठेवतात, पावसाळ्यात ती पावडर ओल धरते आणि मग मशीनमधून उडतच नाही. अजून एक गोष्ट डॉक्टरांशी बोलून बघण्यासारखी आहे, पावडरवाल्या मशीनला जोरात आणि भरभर ओढावं लागतं, अशक्त आजींना तेवढा जोर येत नाही, त्यांना फवाऱ्याचा पंप स्पेसरमधून जास्त सोपा पडतो. स्पेसर म्हणजे ती प्लास्टिकची मोठी नळी, फवारा त्यात मारायचा, मग सावकाश खोल श्वास, आणि जमेल तेवढं, दहा आकडे मोजेपर्यंत रोखून धरायचा. स्टिरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरून टाकायची, नाहीतर तोंड येतं.

शिवाय बहुतेक जण तात्पुरता आराम देणारा पंप तेवढा नेतात आणि रोजचा नेत नाहीत, कारण रोजच्याने लगेच काही वाटत नाही आणि तो महाग. महिन्याला तात्पुरत्या पंपाचा एक अख्खा डबा संपत असेल तर आजार आटोक्यात नाही, हे मी दुकानात स्पष्ट सांगते. काही जण तीन वर्षांपूर्वीची चिठ्ठी घेऊन स्टिरॉइडच्या गोळ्या मागतात, "त्याने एकदम मोकळं वाटतं". वाटतं खरं, पण शुगर चढते, हाडं ठिसूळ होतात, त्वचा कागदासारखी होते. त्या मी देत नाही, कितीही ओळखीचे असले तरी नाही, आणि त्यावरून जे माझ्यावर रागावले असतील त्यांनी हे वाचावं अशी इच्छा आहे.

काउंटरवरून दिसणारी आणखी एक गोष्ट जी डॉक्टरांनाही पुष्कळदा दिसत नाही, कारण हृदयाचे डॉक्टर वेगळे, डोळ्यांचे वेगळे, लघवीचे वेगळे, आणि सगळ्यांच्या गोळ्या एकाच पिशवीत फक्त मला दिसतात. काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब असतात, डोळ्यातून ते थोडे रक्तात जातात आणि दमा असलेल्या माणसाच्या श्वासनळ्या आवळू शकतात. बीपीसाठी रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल चालू असेल तर काही जणांना कोरडा खोकला लागतो, आणि ते महिनोन् महिने कफ सिरप पीत बसतात. अॅमिओडॅरोन हे हृदयाच्या ठोक्यांचं औषध, वारंवार लघवीच्या इन्फेक्शनसाठी दीर्घकाळ दिलेलं नायट्रोफ्युरँटॉइन, सांधेदुखीचं मेथोट्रेक्सेट, यांनी क्वचित फुप्फुसावर परिणाम होतो, तेव्हा ही चालू असताना नवा दम किंवा कोरडा खोकला सुरू झाला तर डॉक्टरांना लगेच सांगायला हवं. दम्यासाठीच्या थिओफायलिनच्या गोळ्या वयस्कर माणसांच्या शरीरातून हळू बाहेर पडतात, त्यात कोणी सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक दिलं तर ती पातळी आणखी चढते, उलट्या, धडधड, झटके इथपर्यंत जाऊ शकतं. आणि झोपेची गोळी, सीओपीडी असताना स्वतःच्या मनाने तर अजिबात नाही. यातलं कुठलंही औषध माझं पत्र वाचून बंद करू नका, कृपा करून. फक्त छातीच्या डॉक्टरकडे जाताना घरातलं प्रत्येक औषध, थेंबांसकट, एका पिशवीत घालून न्या.

कबुतरांचं लिहू का नको असा विचार करत होते, पण लिहिते. दाणे घालणारे हात बहुतेक आपल्या ज्येष्ठांचेच असतात, त्यामागे भूतदया असते, पुण्य असतं, सकाळचा एक विरंगुळा असतो, त्याचा मला पूर्ण आदर आहे. पण कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची बारीक धूळ रोज छातीत गेली की काही लोकांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस होतो, फुप्फुस सुजत जातं आणि नंतर कडक होतं, ज्याला आपण फायब्रोसिस म्हणतो. भारतात फुप्फुस कडक होण्याच्या आजारांची एक मोठी नोंदणी झाली होती, २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, १९ शहरांतले १,०८४ रुग्ण, त्यात सगळ्यात जास्त म्हणजे ४७ टक्के या न्यूमोनायटिसचेच होते, आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्यांच्या घरी एअर कूलर होता, म्हणजे त्याच्या ओल्या जाळ्यांवरची बुरशी हेही एक कारण असू शकतं. तेव्हा कूलर असेल तर जाळ्या बदला, आणि डक्टमधली, बाल्कनीतली कबुतरांची घाण कोरडी झाडू नका, आधी पाणी मारून ओली करा आणि मास्क घालून काढा, आणि शक्यतो घरातल्या म्हाताऱ्या माणसाने नकोच. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत केवढा वाद पेटला होता, तसं काही न होता संघाने आपल्या माणसांशी प्रेमाने बोललं तर ते ऐकतील, मुलांचं ऐकत नाहीत एवढं तुमचं ऐकतात.

धुराचं मात्र प्रेमाने बोलून भागणार नाही. पालापाचोळा आणि कचरा गोळा करून सोसायटीच्या भिंतीलाच पेटवायचा, हे हिवाळ्यात रोज सकाळी चालतं, नेमकं तुम्ही फिरायला निघता तेव्हाच. उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे, हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये त्यासाठी ५ हजारांचा आणि मोठ्या प्रमाणात जाळला तर २५ हजारांचा दंड सांगितलाय. एकट्या माणसाच्या तक्रारीला कोणी विचारत नाही, दीडशे सभासदांच्या सहीच्या पत्राला क्षेत्रीय कार्यालयाला उत्तर द्यावं लागतं. बांधकामाच्या धुळीचं, झाकण न घातलेल्या राडारोड्याच्या ट्रकचं पण तेच. पीएम २.५ ची, म्हणजे हवेतल्या अगदी बारीक कणांची, वर्षाची सरासरी आपल्या देशात घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते ५ च्या वर नको, म्हणजे आपल्याकडे "ठीक" लिहून आलं तरी आजारी छातीला ते ठीक असेलच असं नाही. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने सफर नावाची हवेच्या माहितीची सेवा पुण्यात २०१३ पासून दिलीय, संघाच्या ग्रुपवर सुप्रभातच्या फुलांबरोबर रोज तो आकडाही टाकत जा. थंडीत पहाटे थंड हवा खाली बसते आणि धूर तिच्यातच अडकतो, म्हणून डिसेंबर-जानेवारीत साडेपाचचा ग्रुप आठ-साडेआठला न्या, एवढा बदल तर उद्यापासून होईल. घरात डासांची कॉइल बंद करून मच्छरदाणी लावा, एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींएवढे बारीक कण निघतात असं एका अभ्यासात मोजलंय, आणि ती आपण बंद खोलीत रात्रभर उशाशी लावतो.

लसींचं थोडक्यात. फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोनियाची डॉक्टर सांगतील तशी. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात वाढतो, त्यामुळे लस एप्रिल-मेमध्ये घेतलेली बरी, पुण्याच्याच एनआयव्हीच्या, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या, शास्त्रज्ञांच्या अभ्यासातून हेच पुढे आलंय. २००९ च्या स्वाइन फ्लूमध्ये देशातला पहिला मृत्यू आपल्या शहरात झाला होता, नायडू हॉस्पिटलच्या बाहेरच्या त्या रांगा तुम्हाला आठवत असतील. बाळांना न्यूमोनियाची लस सरकार फुकट देतं, ज्येष्ठांना खिशातून घ्यावी लागते आणि ती स्वस्त नाही, म्हणून संघाने एकत्र मागणी नोंदवली तर सवलत मिळवता येते, मीही माझ्याकडून होईल तेवढं कमी करून देईन. न्यूमोनिया म्हातारपणी लपून येतो हेही सांगून ठेवते, ताप नसतो, खोकला फार नसतो, आजी नुसत्या जेवत नाहीत, असंबद्ध बोलतात, तोल जाऊन पडतात. अशा वेळी कोविडमध्ये घेतलेलं ते बोटाला लावायचं ऑक्सिमीटर ड्रॉवरमधून काढा, सेल बदला, हात गरम करून लावा, नेहमीच्या आकड्यापेक्षा तो खाली गेला असेल तर सकाळची वाट बघू नका. आणि आकडा चांगला आला तरी माणूस नेहमीसारखा वाटत नसेल तर डॉक्टरांना दाखवाच. घरी ऑक्सिजनचं मशीन असेल तर मनाने फ्लो वाढवायचा नाही, सीओपीडीत जास्त ऑक्सिजनही घातक ठरतो, आणि त्या खोलीत निरांजन, उदबत्ती, कापूर काही पेटवायचं नाही.

पैशाचं बोलायलाच हवं. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या वरच्या सगळ्यांना आयुष्मान कार्ड मिळतं, वर्षाला ५ लाखांपर्यंत, फार चांगली गोष्ट आहे. पण ते ॲडमिट झाल्यावर. रोजचा पंप त्यात येत नाही, म्हणजे पंप परवडला नाही म्हणून माणूस बिघडला की आयसीयूचा खर्च सरकार देणार, पण तो बिघडू नये म्हणून लागणारा पंप देणार नाही. केंद्राच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात आता सीओपीडी आणि दमाही धरलेत, तेव्हा महापालिकेच्या दवाखान्यात आणि सरकारच्या 'आपला दवाखाना' केंद्रांत स्पायरोमीटर आणि रोजचे पंप मिळावेत ही मागणी तुमच्या संघांनी लावून धरावी. तुम्ही बसच्या पाससाठी, बागेतल्या बाकांसाठी, फुटपाथसाठी भांडून मिळवलंय, हे त्याहून मोठं आहे.

आणि ज्यांना आजार निघेल त्यांना घरी बसवू नका. छातीच्या आजारात हळूहळू वाढवत नेलेलं चालणं, पायांचे-दंडांचे व्यायाम, ओठांचा चंबू करून शीळ घातल्यासारखा सावकाश सोडायचा श्वास, हे सहा-आठ आठवडे फिजिओथेरपिस्टकडून नीट करून घेतलं तर माणूस जास्त चालायला लागतो आणि कमी वेळा ॲडमिट होतो, हे पुन्हा पुन्हा सिद्ध झालंय. पल्मनरी रिहॅब म्हणतात त्याला. तुमच्याकडे हॉल आहे, सतरंज्या आहेत, वेळ आहे, रोज भेटायची सवय आहे, एक फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदा बोलावला की झालं. सहा मिनिटांत किती मीटर चालता येतं ही टेस्ट बागेतल्या सरळ वाटेवर त्यांच्या देखरेखीखाली होते, महिन्याने परत मोजायची.

१ ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिनाचा कार्यक्रम तुम्ही सगळे करताच, आणि नोव्हेंबरच्या तिसऱ्या बुधवारी जागतिक सीओपीडी दिन असतो. मधल्या सहा-सात आठवड्यांत शिबिर बसवा. कोथरूड, कर्वेनगर, वारजे भागातल्या संघांनी दुकानात येऊन सांगितलं तर पंप कसा ओढायचा ते दाखवायला मी स्वतः येईन, रिकामे डेमोचे पंप आणि स्पेसर माझ्याकडे आहेत, त्याचे पैसे नकोत. दुपारी एक ते चार दुकान बंद असतं, ती वेळ धरा. सभासदांना फक्त एवढंच सांगा की येताना आपापला पंप घेऊन यायचा, लपवून नाही आणायचा.

तुमची,
एक मेडिकलवाली, कर्वेनगर